ठिपका दिसला, बोट कुठाय? रडार आणि कॅमेरा एकत्र का लावतात

२०२५ च्या जुलैत, पहिल्याच आठवड्यात, रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात संशयास्पद बोट दिसल्याची बातमी आली आणि रायगड जिल्ह्यात एकच धावपळ उडाली. पोलिस, नौदल, तटरक्षक दल, सगळे कामाला लागले. दिवस मासेमारी बंदीचे, दर्या खवळलेला, त्यामुळे आपल्यातली कुणाची होडी बाहेर असण्याचा प्रश्न नव्हता. शोधाशोध झाली, बोट काही मिळाली नाही. पुढे अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापून आलं की ती बोट नव्हतीच, पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याचा भरकटत आलेला बोया होता.

त्याआधी तीन वर्षं याच जिल्ह्यात अगदी उलटा प्रकार झाला होता. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची रिकामी नौका लागली. आत एके-४७ रायफली. घातपाताचा संशय नंतर फिटला. मस्कतहून युरोपकडे निघालेली ही नौका इंजिन बिघडल्यामुळे खलाशांनी सोडून दिली होती आणि ती वाहत इथवर आली होती. पण किनाऱ्यापाशी लोकांच्या नजरेस पडेपर्यंत तिचा गाजावाजा झाला नव्हता.

एकदा रडारच्या पडद्यावर ठिपका होता आणि बोट नव्हती, एकदा बोट होती आणि ठिपक्याची खबर नव्हती. ज्या किनाऱ्यावर १९९३ साली शेखाडीला आरडीएक्स उतरलं, तिथल्या माणसाला हे वाचून प्रश्न पडणारच: एवढी रडारं, एवढे कॅमेरे, मग अडतं कुठे? २६/११ नंतर देशाच्या किनाऱ्यावर जी पाळत-साखळी उभी राहिली, तिच्या पहिल्या टप्प्यात ४६ केंद्रं आहेत, त्यांतली ३६ मुख्य भूमीवर आणि बाकीची बेटांवर. भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बीईएलने ती उभारली, बरीचशी दीपगृहांवर किंवा त्यांच्या आवारात. प्रत्येक केंद्रावर रडार आहे आणि दिवसा-रात्री बघणारा कॅमेराही आहे. अडचण यंत्रं नसण्याची नाही. दोन वेगळ्या जातीच्या यंत्रांना एकाच जागी बघायला लावणं हे दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

रडारला काय कळतं

रडार मायक्रोवेव्ह सोडतं. मायक्रोवेव्ह म्हणजे साधारण १ मिलिमीटरपासून ३० सेंटीमीटरपर्यंत तरंगलांबीच्या रेडिओ लहरी. तरंगलांबी म्हणजे लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर. जहाजांवरची आणि किनाऱ्यावरची रडारं बहुतेक ३ सेंटीमीटर किंवा १० सेंटीमीटरच्या लहरी वापरतात.

अँटेनातून लहरींचा एक अगदी छोटा झटका जातो, समोर काही असेल तर त्यावर आपटून थोडा परत येतो. जाऊन-येऊन किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. १५ किलोमीटरवरच्या बोटीकडून उत्तर यायला सेकंदाचा दहा-हजारावा भाग पुरतो. झटका सेकंदाच्या कोटीव्या भागाइतका आखूड असेल तर अंतर १५ मीटरच्या आत सांगता येतं. यातली खरी गंमत अशी की बोट २ किलोमीटरवर असो की ३०, अंतराची अचूकता तेवढीच राहते.

दिशेचं मात्र तसं नाही. झोत किती बारीक होणार हे तरंगलांबी आणि अँटेनाची रुंदी यांच्या भागाकारावर ठरतं. ३ सेंटीमीटरची लहर आणि ६ मीटर लांब अँटेना घेतली तर झोत साधारण एक तृतीयांश अंशाचा होतो. ऐकायला बारीक वाटतो, पण २० किलोमीटरवर तो १२० मीटर रुंद पसरलेला असतो. त्या रुंदीत एक बोट आहे की शेजारी-शेजारी दोन, हे रडारला नीट सांगता येत नाही. जे काही परत आलं त्याचा एक ठिपका. लोखंडी बोया, उसळलेल्या लाटेचा माथा, छोटी होडी, पडद्यावर सगळ्यांचे चेहरे सारखेच.

मग नुसता कॅमेराच का नको?

प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या साधारण दोन-हजाराव्या भागाइतकी. म्हणजे ३ सेंटीमीटरच्या रडारलहरीपेक्षा साठ हजार पट आखूड. त्यामुळे तोच भागाकार इथे भलतंच उत्तर देतो. १० सेंटीमीटर व्यासाची चांगली लेन्स २० किलोमीटरवरचे १२ सेंटीमीटरचे बारकावे वेगळे करू शकते. हे कागदावर. प्रत्यक्षात तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरते आणि चित्र वितळल्यासारखं दिसतं, तरीही रडारशी तुलनाच होत नाही.

बघण्यातही पायऱ्या आहेत. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे. 'काहीतरी आहे' एवढं कळायला त्या वस्तूच्या सर्वांत आखूड बाजूवर कॅमेऱ्याचे दोनेक बिंदू (पिक्सेल) पुरतात. 'ही होडी आहे, बोया नाही' हे कळायला आठेक लागतात, आणि 'ही अमक्या जातीची होडी' म्हणायला तेरा-चौदा. हा हिशेब सुद्धा बघणाऱ्याला निम्म्या वेळा बरोबर ओळखता येण्याचा आहे, दर वेळी नाही. पाण्यावर दोन मीटर दिसणारी होडी १५ किलोमीटरवरून ओळखायची तर मीटरभर नाभीय अंतराची (फोकल लेंथची) लेन्स लागते. होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक वाचायचा असेल तर ती बरीच जवळ यायला हवी.

एवढी ताकदवान लेन्स लावली की तिला दिसणारा तुकडा लहान होतो. एक अंशाचा तुकडा म्हणजे २० किलोमीटरवर ३५० मीटर. असा एकेक तुकडा बघत देवगडापासून विजयदुर्गापर्यंतचा दर्या पालथा घालायला किती वेळ लागेल याचा विचार करा, आणि पहिल्या तुकड्याकडे परत येईपर्यंत तिथली बोट बसून राहणार आहे थोडीच? शिवाय कॅमेऱ्याला अंतर कळत नाही. जवळची छोटी होडी आणि लांबचा मोठा ट्रॉलर चित्रात सारखेच. लेझरने अंतर मोजता येतं, पण त्यासाठी लेझर बोटीवर नेमका पडला पाहिजे, म्हणजे आधी बोट सापडली पाहिजे.

कान आणि बॅटरी

कोकणात वाडीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. रात्री आगरात पाचोळा खसखसतो. कानाला कळतं की आवाज विहिरीच्या अंगाने आला. कोल्हा, रानडुक्कर की नारळ चोरायला आलेला कुणी, ते कानाला कळत नाही. मग आपण त्या बाजूला बॅटरी मारतो. आवाज आला नसता तर अख्ख्या आगरात बॅटरी फिरवत बसलो नसतो, आणि बॅटरी नसती तर आवाज ऐकून नुसते दचकलो असतो.

रडार सगळीकडे एकदम कान देऊन असतं, साधारण दर तीन सेकंदांनी गोल फिरून. त्याने ठिकाण सांगायचं, कॅमेऱ्याने तिकडे वळून बघायचं. रडारला अंतर पक्कं माहीत, दिशा ढोबळ. कॅमेऱ्याला दिशा पक्की, अंतर माहीत नाही. रडारच्या मते बोट १५ मीटर खोल आणि १२० मीटर रुंद अशा आडव्या पट्टीत कुठेतरी आहे. कॅमेऱ्याच्या मते ती एका सरळ रेषेवर कुठेतरी आहे. पट्टी आणि रेषा जिथे छेदतात ती जागा काही मीटरांची.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. जाहिरातीची पत्रकं इथेच संपतात.

सगळी गोम नेम जुळवण्यात

रडार म्हणतं, 'उत्तरेपासून २६५ अंश, १८ किलोमीटर.' कॅमेरा तिकडे वळतो आणि पडद्यावर नुसतं पाणी. का?

सगळ्यांत साधं कारण म्हणजे दोघांची 'उत्तर' एक नसणं. बसवताना कॅमेऱ्याचा शून्य अंश रडारच्या शून्य अंशापेक्षा जरा सरकला असेल तर ती चूक दर वेळी सोबत येते. एक दशांश अंशाची चूक २० किलोमीटरवर ३५ मीटर होते, अर्ध्या अंशाची १७५ मीटर. एक अंश रुंदीच्या चित्रात मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत १७५ मीटरच असतात. म्हणजे अर्ध्या अंशाने चुकलात तर बोट चित्राबाहेर.

दुसरं कारण, दोन्ही यंत्रं एका जागी नसणं. रडार मनोऱ्याच्या टोकावर, कॅमेरा आवारात ३० मीटर बाजूला, असं समजा. २० किलोमीटरवरच्या बोटीसाठी दोघांच्या दिशेत फरक पडतो जेमतेम ०.०९ अंशाचा. पण बोट ५०० मीटरवर आली की तोच फरक सव्वातीन अंशांच्या वर जातो. म्हणजे ही चूक बोट जवळ आली की वाढते, जिथे सगळं सोपं व्हायला हवं नेमकं तिथे. संगणक प्रत्येक बोटीसाठी हा फरक वजा करू शकतो, कारण रडारने अंतर दिलेलं असतं. फक्त दोन्ही यंत्रांच्या जागा सेंटीमीटरपर्यंत मोजून त्याला सांगायला हव्यात.

तिसरं कारण वेळ. रडारने बोट बघितली तेव्हापासून ते पुन्हा तिच्यावरून फिरेपर्यंत तीन सेकंद जातात. वीस नॉट वेगाची बोट तेवढ्यात ३० मीटर पुढे गेलेली असते. कॅमेरा मात्र सेकंदाला २५ चित्रं घेतो. दोघांचा ताळमेळ बसवायला संगणक आधीच्या ठिपक्यांवरून 'आत्ता ती कुठे असेल' याचा अंदाज बांधतो, पुढचा ठिपका आला की अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करून दोन्हींवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवतो आणि पुढचा अंदाज सुधारतो. या पद्धतीचं गणित रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलं. आपल्या फोनमधला नकाशा बोगद्यातही गाडी पुढे सरकवतो त्यामागे याच जातीचं गणित असतं.

चौथं कारण कोकणातलं, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. नेम एकदा जुळवला की जुळलेला राहत नाही. लोखंडी मनोऱ्याच्या एका अंगाला उन्हं लागली की ते अंग किंचित लांबतं आणि मनोरा झुकतो, संध्याकाळी पुन्हा सरळ होतो. वाऱ्याने डोलतो. खारट हवेत बोल्ट गंजतात, बेअरिंग घासतात. म्हणून जागा पक्की माहीत असलेल्या खुणेवर, समोरच्या दीपगृहावर किंवा बेटावरच्या कड्यावर, दोन्ही यंत्रांचा नेम पुन्हापुन्हा तपासावा लागतो. रात्री तारे वापरता येतात. कोणता तारा कोणत्या क्षणी कुठे असणार हे सेकंदापर्यंत माहीत असतं, आणि ताऱ्याला गंज चढत नाही. किंवा जीपीएस लावलेली एखादी बोट मुद्दाम समोरून फिरवायची आणि तिची खरी जागा, रडारची जागा आणि कॅमेऱ्याची जागा पडताळायची. हे काम खर्चाचं नाही, पण कंटाळवाणं आहे. निविदेत यंत्राच्या किमतीला मोठा रकाना असतो. दर महिन्याला नेम तपासणाऱ्या माणसाला किती असतो, ते बघायला हवं.

दोघं एकाच मानेवर

वर सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या एका युक्तीने जातात. अँटेना आणि कॅमेरा एकाच फिरत्या बैठकीवर बसवायचे, म्हणजे एक वळला की दुसरा आपोआप वळतो. युद्धनौकांवर तोफेचा नेम धरणारी यंत्रणा अशी असते. आपल्या नौदलातली बीईएलची लिंक्स-यू२ ही प्रणाली रडार आणि प्रकाशीय नेम दोन्ही वापरते. ओडिशात चांदीपूरला क्षेपणास्त्रांची चाचणी होते तेव्हा रडार आणि दुर्बिणीवाली मागोवा-यंत्रं दोन्ही एकाच वेळी त्याच्या मागावर असतात.

मागावर राहायचं म्हणजे काय, तर लक्ष्य चित्राच्या मध्यापासून किती सरकलं ते मोजायचं आणि तेवढी मोटर फिरवायची, सेकंदाला अनेक वेळा. रडार हे आपल्या झोताच्या डाव्या-उजव्या अर्ध्यातून किती उत्तर आलं याची तुलना करून करतं, कॅमेरा चित्रातले बिंदू मोजून.

आणि इथे समुद्र एक खोडी काढतो. पाण्याला चिकटून येणाऱ्या विमानाकडे किंवा क्षेपणास्त्राकडे रडार बघतं तेव्हा त्याला दोन उत्तरं येतात: एक थेट, एक पाण्यावरून परावर्तित होऊन. पाण्याच्या वर एक आणि पाण्याखाली त्याचं प्रतिबिंब, दोन्ही एकाच झोतात. रडारला वाटतं लक्ष्य मध्येच कुठेतरी आहे, कधी वर, कधी खाली, आणि अँटेना मान डोलवायला लागते. अंतर अगदी बरोबर, उंची साफ चुकीची. कॅमेऱ्याचा झोत म्हणा किंवा नजर म्हणा, एवढी बारीक असते की वस्तू आणि प्रतिबिंब वेगवेगळे दिसतात. म्हणून अशा वेळी उंचीचा कोन कॅमेऱ्याकडून घेतात आणि अंतर रडारकडूनच. नौदलाने ही जोडी पहिल्यापासून उचलून धरली त्यामागचं एक मोठं कारण हे.

एकाच थाळीत दोन्ही मावतील का?

पुढचा प्रश्न साहजिक आहे. शेजारी बसवायचे तर थाळीच, म्हणजे लहरी गोळा करणारी वाटोळी अँटेनाच, दोघांना मिळून एक का नको? प्रकाशही परावर्तित होतो, मायक्रोवेव्हही. दोन्ही एकाच कुळातल्या लहरी हे तर १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून आणि त्यांच्यावर प्रकाशाचे सगळे प्रयोग करून दाखवलं होतं.

अडचण गुळगुळीतपणाची. आरसा म्हणून काम करायचं तर पृष्ठभागातले उंचवटे तरंगलांबीच्या सोळाव्या भागापेक्षा लहान हवेत असा ढोबळ नियम आहे. ३ सेंटीमीटरच्या लहरीसाठी दोनेक मिलिमीटरची खडबड चालते, सुताराला जमेल. त्याहून लांब लहरींना तर नुसती जाळीही पुरते. घाटावर नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत, त्या तारेच्या जाळीच्या. प्रकाशासाठी मात्र हीच मर्यादा मिलिमीटरच्या तीस-हजाराव्या भागावर येते. एवढी गुळगुळीत मोठी थाळी करणं म्हणजे महागडी दुर्बीणच करणं.

यातून वाट काढायच्या दोन तऱ्हा. पहिली, मधला एखादा आरसा असा बनवायचा की तो मायक्रोवेव्ह परत फेकेल आणि प्रकाश आरपार जाऊ देईल. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात हेच असतं: आतल्या १२ सेंटीमीटरच्या लहरी जाळीतून बाहेर पडत नाहीत, पण आत गरम होणारी वाटी आपल्याला दिसते. काचेवर अतिबारीक जाळी बसवून हीच विभागणी करता येते.

दुसरी तऱ्हा नासाने वापरली. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला डीएसएस-१३ नावाची ३४ मीटरची रेडिओ अँटेना आहे. तिच्या थाळीतच सात छोटे, अतिगुळगुळीत आरसे बसवले, सगळे मिळून एक मीटरच्या दुर्बिणीएवढा प्रकाश गोळा करतील असे. थाळी रेडिओ ऐकते आणि आरसे लेझरचा प्रकाश वर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे धाडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या सायकी यानावर लेझरने संदेश पाठवण्याचं प्रायोगिक यंत्र आहे. या अँटेनाने त्याचा लेझर नोव्हेंबर २०२३ पासून पकडला आणि ३ कोटी २० लाख किलोमीटर अंतरावरून सेकंदाला १५.६३ मेगाबिट या वेगाने माहिती उतरवली. तिथेही खरी परीक्षा नेमाचीच. थाळी रेडिओपुरती जेवढी नेमकी वळते तेवढं लेझरला पुरत नाही, म्हणून आरशांचा नेम वेगळा सुधारत राहावा लागतो. कोर्लईला हे आणायची गरज नाही.

पावसाळ्यात काय होतं?

रेवदंड्याचा प्रकार जुलैतला होता हे विसरून चालणार नाही. मुसळधार सरीत कॅमेरा जवळपास आंधळा. 'रात्री दिसणारा' म्हणजे उष्णतेवर चालणारा थर्मल कॅमेराही दाट धुक्यातून आरपार बघत नाही, कारण धुक्याचे थेंब आणि त्याची तरंगलांबी मापाने जवळपास सारखी. कोकणातली दमट हवाही उष्णतेचे किरण वाटेतच शोषते. सूर्य उगवताना-मावळताना बोट आणि पाणी यांचं तापमान सारखं झालं तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. काचेवर खारं पाणी सुकून पांढरा थर चढतो, तो कुणीतरी पुसावा लागतो.

रडारलाही पावसाची झळ बसते. तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत ३ सेंटीमीटरच्या लहरीचं परतणारं बळ दर किलोमीटरला जवळपास निम्मं होतं. १० सेंटीमीटरच्या लहरीला त्याच पावसाचं फारसं काही वाटत नाही, पण तिचा झोत तेवढ्याच अँटेनावर तिप्पट रुंद. त्यात खवळलेल्या लाटांकडून येणारी उत्तरं हजारो. ती दाबायला गाळणी घट्ट केली की त्यात लहान होडीही गाळली जाते, सैल केली की पडदा ठिपक्यांनी भरतो. म्हणजे ज्या दिवसांत संशय सगळ्यांत जास्त, त्या दिवसांत रडार गोंधळलेलं आणि त्याची खातरजमा करणारा कॅमेरा घरी बसलेला. अशा वेळी माणसं आणि हेलिकॉप्टरं पाठवावी लागतात, आणि ते पैशाचा अपव्यय म्हणून हिणवण्यासारखं अजिबात नाही.

पाऊस नसतानाही हा समुद्र फसवतो. पाण्यालगतच्या दमट थरात मायक्रोवेव्ह अडकून क्षितिजापलीकडे वाहत जातात. एरवी १०० मीटर उंचीवरून रडारला पाण्याची कड ४१ किलोमीटरवर दिसते, डोळ्याला ३६. पण दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या एका रडारला, दीड मीटर लांबीच्या लहरींवर, हजार मैलांहून लांबच्या अरबस्तानच्या किनाऱ्याची उत्तरं आल्याची नोंद रडारशास्त्रात प्रसिद्ध आहे. ठिपका आहे, पण तो आपल्या अंगणातला की पलीकडच्या किनाऱ्यावरचा, हे तेव्हा ठरवावं लागतं. स्वच्छ हवेत कॅमेऱ्याने तिकडे बघून काहीच न दिसणं हेही उत्तरच असतं.

'प्रत्येक होडीला ट्रान्सपाँडर लावा, झालं!'

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेची सुरुवात झाली ती हीच. एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर, म्हणजे आपली ओळख आणि जागा आपणहून कळवणारं यंत्र. चांगलंच आहे. वादळात अडकलेल्या तांडेलाला त्याचा खरा उपयोग. पण जो सांगतो त्याचंच यातून कळतं. वाईट हेतूने येणारा यंत्र बंद ठेवेल, खोटं नाव सांगेल, आणि सोडून दिलेली नौका मुळात कुणाशी बोलतच नाही. उलट आपले सगळे बोलू लागले तर पडद्यावरचे न बोलणारे ठिपके कमी उरतील आणि कॅमेऱ्याला नेमकं तिकडे वळवता येईल. या दृष्टीने ट्रान्सपाँडर आणि ही जोडी एकमेकांना पूरक आहेत.

एलईडीच्या झगमगाटाने मासे ओढणाऱ्यांना आणि पर्ससीनवाल्यांना, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणाऱ्यांना, हे पकडेल का, हा किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. रडारला जाळं दिसत नाही. फार तर वेग आणि वळणं बघून अंदाज बांधता येतो. रात्री एलईडीचा उजेड कॅमेऱ्याला लांबून दिसतो, पण कुणाची बोट ते कळायला जवळ जावंच लागतं. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने २०२५ च्या जानेवारीत ड्रोन आणले ते त्यासाठीच.

लहरींनी मासे पळतात का?

नाही. ३ सेंटीमीटरची मायक्रोवेव्ह खाऱ्या पाण्यात शिरते ती दोनेक मिलिमीटर. बांगड्याला तिचा पत्ताही लागत नाही. मासे कमी होण्याची कारणं दुसरीकडे शोधावी लागतील. माणसांबद्दल म्हणाल तर या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींची मोडतोड करणाऱ्या नाहीत, त्यांचा परिणाम तापवण्याचा. चालू अँटेनाच्या अगदी समोर उभं राहू नये, म्हणूनच ती मनोऱ्यावर असते आणि आवार बंद असतं. खाली गावात पोहोचणारी शक्ती फार थोडी.

कॅमेऱ्याबद्दलची शंका मात्र मला रास्त वाटते. १५ किलोमीटरवरची होडी ओळखणारी लेन्स मागे वळली तर वाडीतल्या अंगणातलं काय काय दिसेल? अशा कॅमेऱ्यांना ठरावीक कोनांत वळायला किंवा चित्र दाखवायला बंदी घालता येते. ती घातली आहे का, हे ग्रामसभेने विचारायला हरकत नाही.

फायबरच्या होडीला काय करता येईल

लाकूड आणि फायबर मायक्रोवेव्हला फारसं अडवत नाहीत. लहान फायबर होडी रडारला साधारण एखाद-दोन चौरस मीटरच्या वस्तूएवढी दिसते, ती लाटांच्या गोंधळात सहज हरवते. मग मोठं जहाज अंगावर येण्याचा धोका पाळतीच्या प्रश्नापेक्षा आधी उभा राहतो.

उपाय स्वस्त आहे. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडले की तयार होणाऱ्या कोपऱ्यात शिरलेली लहर आली त्याच दिशेने परत जाते. आतल्या कडा ३० सेंटीमीटरच्या असतील तर ३ सेंटीमीटरच्या रडारला हा कोपरा जवळजवळ ३८ चौरस मीटरचा दिसतो. असे आठ कोपरे पाठीला पाठ लावून बनवलेला परावर्तक बोटींचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. पत्रे एकमेकांना अगदी काटकोनात हवेत, दोन-तीन अंशांनी वाकले तरी परतणारी लहर भलतीकडे जाते, म्हणून घरी ठोकून केलेला बहुधा चालत नाही. तो डोलकाठीवर शक्य तितका उंच बांधायचा, आणि टोकावर उभा करून नाही, तर एक कप्पा सरळ आभाळाकडे उघडा राहील असा. पाऊस आला तर त्या कप्प्यात पाणी साचेल, अशा बाजूने.